मामीची पाळी

आज मी परदेशातल्या विद्यापीठात बसले आहे ती निमोण्याच्या माझ्या मामीमुळं. आई गेली, नववीतच माझी शाळा सुटली. वर्षभर मी रानात राबले. मग मामीनं मला तिच्याकडं नेलं आणि बाहेरून दहावीला बसवलं. "खुरपं ठिव खाली," ती म्हणाली, "तुझ्या हातानं गवात कमी आन् कांदाच जास्त निघतोय."

इथं मी आंतरराष्ट्रीय संबंध आणि तंत्रज्ञान धोरण शिकते. मागं वर्गात लुटुपुटीची वाटाघाट होती. प्रत्येकजण एकेका देशाचा प्रतिनिधी. लोकांचा डेटा कुणी, कुठं ठेवायचा, याचा करार करायचा होता. माझा देश लहानसा. मी घरच्या सवयीनं गप्प राहिले. आधी मोठ्यांचं होऊ द्यावं, आपल्याला विचारलं की मग बोलावं. कुणी विचारलंच नाही. मसुद्यात माझ्या देशाची एकही ओळ आली नाही. दुसऱ्या फेरीतही असंच झालं तर नापास, असं सरांनी सांगितलं. नापास म्हणजे शिष्यवृत्ती गेली, आणि मी परत.

संध्याकाळी मामीला फोन लावून झालेलं सगळं सांगितलं. तिकडं उजाडत होतं. मामी कांद्याला दारं धरत, वाफ्यावाफ्यात पाणी सोडत होती.

"आगं, पाण्याची पाळी आपली आन् वरच्या रानातल्या आप्पानं पाणी वळवलं, तर त्यो बोलवील म्हनून मी बांधावर बसते व्हय?"

"मामी, इथं सगळे लई शिकलेले हायेत."

"असू दे की. आप्पा बी ग्रामपंचायतीत हाय."

मी हसले, मग रडायलाच आलं. म्हटलं, "मामी, फोन जरा पाण्याच्या चारीपाशी धरा ना." का, ते तिनं विचारलं नाही. वाफ्यात शिरणारं पाणी मी ऐकत राहिले. गॅसवरचा भात करपला.

दुसऱ्या फेरीत मी मधेच म्हणाले, "थांबा, माझं राहिलंय." मसुद्यात दोन ओळी आल्या, पास झाले. मामीला कळवलं तर म्हणते, "बरं झालं. जेवलीस का?"

अजूनही वर्गात जाताना जीव त्या बांधावरच असतो.

मामी, शिक्षण संपवून मी येईन, तवा पहाटेची पाळी माझी. तुम्ही ऊन वर येईपर्यंत झोपा. फार तर चहा घेऊन बांधावर या, आन् माझ्या दारं धरण्याला नावं ठेवा.