मनगटातला कट्

"आज थापी उचललीत तर माझ्याशी बोलू नका."

"म्हणजे घरात शांतता. पिशवी कुठे ठेवलीस?"

बायकोने ती पिंपामागे दडवली होती. नवरा गवंडी. त्याचा गिलावा इतका सरळ उतरायचा की जोडीदारांनी त्याचं नावच ओळंबा पाडलं होतं. ठेकेदार त्याच्या भिंतीला फळी लावून बघायचीसुद्धा तसदी घेत नसे.

मागच्या वर्षी परांचीवरून पडताना त्याने उजवा तळवा टेकला. मनगट सुजलं, पण हात वाकडा दिसेना. गवंड्यांची रीत अशी, की कुणी बोटं धरून मनगट ओढायचं. कट् वाजलं की बसलं. त्यानेच तिला शिकवलं. रोज संध्याकाळी ती भिंतीला पाय लावून ओढायची, कट् वाजायचं, आणि तो म्हणायचा, घरात डॉक्टरीण असताना दवाखाना कशाला? दोघं हसायची.

मग भरली थापी हातातून सुटायला लागली. काल दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. मनगटात दोन चिमुकली हाडं शेजारी-शेजारी असतात, त्यांना बांधून ठेवणारा नखाएवढा अस्थिबंध पडतानाच तुटला होता, म्हणाले. लगेच आला असतात तर टाके घालून जोडून बघता आला असता. आता हाडं फाकून फिरलीत, सांधा झिजलाय. मनगट कायमचं सांधून टाकलं तर दुखणं कमी होईल, पण ते वळणार नाही. आणि तो कट्? हाडं बसल्याचा नव्हे, जागेवरून सरकल्याचा.

"डाव्या हाताने मारीन," तो आता म्हणाला.

"डाव्या हाताने तुम्हाला अंगावर तांब्या ओतता येत नाही."

पिशवी त्याला सापडलीच. थापी काढून त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर नुसताच हवेतला गिलावा फेकला. मनगटाला झटका बसला मात्र, त्याने डोळे मिटले. थापी फरशीवर खणखणली.

तिने ती उचलली, पदराने पुसली. दवाखान्यात डॉक्टरांपुढे जो प्रश्न विचारायचा धीर झाला नव्हता, तो आता खाली बघतच विचारला.

"मी ओढत होते, त्यानं वाढलं का हो?"

तो तिच्या हातांकडे बघत राहिला. मग चपला पायात सरकवल्या आणि पिशवी तिथेच टाकून तो जिना उतरून गेला.