मागून जरा बघता का?

परवा एका लग्नात, कार्यालयातल्या आरशासमोर एक बाई साडी नेसून उभी होती. समोरून सगळं चोख दिसत होतं. तरी तिनं शेजारच्या अनोळखी बाईला विचारलं, "अहो, मागून जरा बघता का?" ती बाई लगेच खाली बसली, मागे वर चढलेला काठ ओढून सारखा केला आणि म्हणाली, "आता थोडं चालून दाखवा."

मला एकदम मेधा आठवली. आम्ही दोघी लिहितो आणि छापायला देण्याआधी एकमेकींना वाचून दाखवतो. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणावरचा माझा लेख गेल्या आठवड्यात तिला ऐकवला. ती हळूच म्हणाली, "तुझी ओढाताण कळली गं. पण यात सासूबाई एकदाही बोलत नाहीत."

मी फटकन म्हणाले, "तू कुठे होतीस तेव्हा? तुला काय कळणार?"

तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

आरशापुढची बाई मात्र मान वळवून म्हणत होती, "बरं झालं बाई, सांगितलंत." मला तिथे उभं राहवेना. सासूबाईंच्या आजारपणात मेधा जवळ नव्हती, म्हणूनच तर तिला ते दिसलं होतं.

घरी येऊन लेख पुन्हा उघडला. म्हटलं, सासूबाईंचं एखादं तरी वाक्य घालावं आणि मगच मेधाला फोन करावा. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा मला अजून पाठ आहेत. त्या काय बोलायच्या, ते मात्र काही केल्या आठवेना.