रानात पळणारी, घरात राहणारी

आमच्या शेजारणीचा म्हातारा सेटर जातीचा कुत्रा जानेवारीत गेला. त्यानंतर महिनाभर ती कोणाकडे गेली नाही, कोणाशी फारशी बोललीही नाही. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मात्र बर्फातून वाट काढत ती आमच्या मागच्या दाराशी आली, बूट काढून किचनच्या टेबलाशी बसली आणि चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाली, "मला पुन्हा कुत्रा हवाय. पण तो तुमच्या घरात राहील."

ती पासष्टीच्या पुढची. शाळेत सायन्स शिकवून रिटायर झालेली, एकटी राहणारी. आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला घर घेतलं तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात, कंबर न मोडता बर्फ कसा उपसायचा हे तिनं मला शिकवलं होतं. मी तिला मावशी म्हणायची. त्या शब्दाचा अर्थ सांगितल्यावर तिला तो इतका आवडला की फोनवरही ती स्वतःला "मौशी बोलतेय" म्हणायला लागली.

दर ऑक्टोबरात मावशी बंदूक घेऊन फेझंटच्या शिकारीला जायची. फेझंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याच्या जातीचाच, लांब शेपटीचा देखणा पक्षी. मक्याच्या कापलेल्या शेतांच्या कडेला गवतात दडून राहतो. तीन वर्षं मीही तिच्याबरोबर जात होते. बंदुकीला मी कधी हात लावला नाही. पण माझे वडील चंद्रपूरकडे जंगलखात्यात रेंजर होते आणि त्यांच्या मागे रानातून चालतच मी मोठी झाले होते. इथे दिवस ऑफिस, गाडी आणि घर यांतच संपायचा. मावशीच्या मागून शेतं तुडवताना कुठे मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटायचं.

ही शिकार कुत्र्याशिवाय होत नाही. तो पुढे धावत वास घेतो आणि गवतात पक्षी आहे हे कळलं की जागच्या जागी थिजतो. नाक त्या दिशेला, एक पाय वर, शेपूट ताठ. त्याला पॉइंट धरणं म्हणतात. मग माणसानं पुढे जाऊन पक्षी उडवायचा.

"माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे," मावशी म्हणाली. "पिल्लू सांभाळणं आता मला झेपायचं नाही. तुम्ही सांभाळा, मी शिकवते. ऑक्टोबरात आपण दोघी नेऊ."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. त्यामागे माझा नवरा होता.

त्याला सातव्या वर्षी नागपूरला कुत्रा चावला होता. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. रोज वडिलांच्या सायकलवर बसून तो दवाखान्यात जायचा आणि रोज वाटेत रडायचा. तेव्हापासून कुत्रा दिसला की तो रस्ता ओलांडे. मावशीचा सेटर तर शेवटी शेवटी धड उभाही राहत नव्हता, तरी ड्राइव्हवेमध्ये तो पडलेला असला की हा गाडीतून उतरत नसे. मी बाहेर येऊन "आता ये" म्हणायचं, मग हा उतरायचा.

मावशी गेल्यावर मी म्हटलं, "तुला नको असेल तर मी तिला नाही म्हणून सांगते."

आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. तो खोटं बोलला तर मला लगेच कळतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाला, "तू दर वर्षी तिकडून येतेस तेव्हा आठवडाभर गुणगुणत असतेस." आणि थोड्या वेळानं, "पण कुठला कुत्रा, ते नीट ठरवू. उगाच घाई नको."

तो मोटार कंपनीत इंजिनिअर होता. नीट ठरवणं म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी दिसलं. त्यानं ग्राफ पेपरवर तक्ता आखला होता. वर जाती, खाली गुण: केस किती गळतात, किती भुंकतो, घरात शांत बसतो का, पक्ष्यांचं काम कसं करतो. प्रत्येक गुणाला वेगवेगळं वजन. शंभरातले पन्नास त्यानं एकट्या 'चावण्याची शक्यता' या ओळीला दिले होते. शेवटचा रकाना 'कुत्रा नको' असा होता, आणि बेरीज केली तर तोच पहिला येत होता.

"डॅड, दॅट्स चीटिंग," आमची दहा वर्षांची मुलगी म्हणाली. तिला लॅब्रडॉर हवा होता, कारण तिच्या मैत्रिणीकडे होता. मावशीचं म्हणणं, सेटर सोडून बाकी सगळे नुसते कुत्रे. मला एवढंच हवं होतं की जो कोणी येईल तो शेतात वाऱ्यासारखा पळावा आणि घरी आल्यावर माझ्या घरात माणसासारखा राहावा. मिशिगनच्या थंडीत त्याला बाहेर पिंजऱ्यात ठेवायची माझी तयारी नव्हती.

मार्चमधले रविवार आम्ही कुत्री बघण्यात घालवले. सगळे एका गाडीत. नवरा ड्राइव्ह करायचा आणि पोचलो की काचा वर करून आतच बसायचा. त्याच्या प्रश्नांचा कागद माझ्या हातात असे.

पहिल्यांदा इंग्लिश पॉइंटर पाहिले, एका मोठ्या शेतावर. काय ती जनावरं! पांढरीशुभ्र अंगं, तांबडे ठिपके, जाळीच्या पिंजऱ्यातही एक क्षण स्थिर नाहीत. मालकानं एकाला सोडलं तर तो पार क्षितिजापर्यंत जाऊन आला. मी विचारलं, "घरात कसा राहील?" मालकानं टोपी मागे सारली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "बाई, हा घरात राहिला तर घर राहणार नाही."

मग सेटर. मावशीच्या ओळखीचं घर. तिथली कुत्री मायाळू होती, पण पोटाखालचे आणि शेपटीचे लांब केस काटेरी फळांनी भरलेले. मालकीण सोफ्यावर बसून कंगव्यानं एकेक काटा सोडवत होती, आणि केसांच्या थराखाली तिच्या सोफ्याचा मूळ रंग कुठला हे ओळखावं लागत होतं. मावशीला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमटीत तरंगणारा पांढरा केस आला.

तिसरा जर्मन शॉर्टहेअर. आखूड केसांचा, हुशार, कामाला वाघ. तो दारातून सुटला तो थेट आमच्या गाडीकडे गेला आणि पुढचे पंजे खिडकीवर टेकून आत बघायला लागला. आत माझा नवरा स्टिअरिंग सोडून पलीकडच्या सीटवर गेला होता. घरी पोचल्याबरोबर त्यानं पेन उचललं. तो रकाना खोडला गेला, हे सांगायला नको.

चौथ्या रविवारी व्हिझ्ला बघायला गेलो. हंगेरीची जात, तेव्हा आमच्या भागात फारशी कोणाला माहीत नव्हती. मावशी वाटभर कुरकुरत होती. "लाडावलेली असतात म्हणे. माणसाच्या मागे मागे करतात."

घर साधंच होतं. एका पोस्टमनचं, आणि कुत्री घरातच राहायची. मी, मुलगी आणि मावशी आत गेलो. खोक्यात चार आठवड्यांची सहा पिल्लं एकमेकांवर रचून ठेवल्यासारखी झोपली होती, गुळाच्या रंगाची. मी कागद काढून पहिला प्रश्न विचारते तोच दारावर टकटक झाली. बाहेर माझा नवरा उभा.

"मला बाथरूमला जायचंय," तो मला मराठीत म्हणाला. "कुत्री बांधलीये का?"

कुत्री बांधलेली नव्हती. पिल्लांची आई उठून सरळ त्याच्याकडे चालली होती. भुंकली नाही, उडी मारली नाही. तो आत टाकायला उचललेलं पाऊल अधांतरी, एक हात हवेत, असा जागीच थिजला. ती जवळ आली, त्याच्या पायाला तिनं आपली कूस टेकवली, सगळा भार त्याच्यावर टाकला आणि एक सुस्कारा सोडून उभी राहिली.

"वा," पोस्टमन म्हणाला. "कुत्री तर पॉइंट धरत नाहीये, पण तुमचा नवरा झकास धरतोय."

मावशी इतकी हसली की तिला गुडघा धरून बसावं लागलं. मुलगीही हसत होती. नवरा हसला नाही. तो खाली बघत होता. मग हवेतला हात सावकाश खाली आला आणि एक बोट, फक्त एक, त्या कुत्रीच्या डोक्याला लागलं. तिनं डोळे मिटले.

बाथरूमहून आल्यावर तो गाडीत गेला नाही. सोफ्याच्या अगदी टोकाला बसला आणि आपले प्रश्न त्यानं स्वतः विचारले. घरी जाताना म्हणाला, "ही जात सगळ्यात कमी गळते. तक्त्यात बसते."

एप्रिलच्या शेवटी पिल्लू घरी आलं. मादी. नावावरून आठवडाभर भांडणं चालली. मुलीची नावं मावशीला पटेनात, मावशीची मला. तेवढ्यात नवऱ्यानंच प्रश्न सोडवला, नकळत. भीती पुरती गेली नव्हती, त्यामुळे तो पिल्लाशी अत्यंत अदबीनं वागायचा. ते वाटेत बसलेलं असलं की म्हणायचा, "बाई, जरा बाजूला होता का?" पिल्लू 'बाई'ला ओ द्यायला लागलं आणि मग दुसरं नाव राहिलंच नाही.

मावशीला 'बाई' म्हणता येईना. ती 'बाय' म्हणायची. ऑपरेशन झाल्यावर कुबडी टेकत ती आमच्या बॅकयार्डात यायची, मासे धरायच्या गळाला फेझंटचा पंख बांधून गवतावर नाचवायची आणि बाईनं पंखावर झडप न घालता थिजून उभं राहिलं की "गुड, बाय! गुड, बाय!" असं ओरडायची. पलीकडच्या घरातले आजोबा दर वेळी हात हलवून तिला निरोप द्यायचे.

लाडावलेली असतात, हे मावशीचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं निघालं. बाईला एकटं राहणं माहीतच नव्हतं. मी पोळ्या करताना ती माझ्या पावलांवर बसायची. मे महिन्यातल्या एका दुपारी बाहेरच्या खोलीतून नवऱ्याची दबकी हाक आली. जाऊन बघते तर तो आरामखुर्चीत ताठ बसलेला, हात दोन्ही बाजूंना वर धरलेले, आणि मांडीवर बाई गाढ झोपलेली.

"हिला उचल ना."

"झोपलीये रे."

त्यानं तिच्याकडे बघितलं. तिचं पोट वरखाली होत होतं. "मग राहू दे," तो म्हणाला. तासाभरानं मी पुन्हा डोकावले तेव्हा त्याचेही डोळे मिटलेले होते. दोन्ही हात तिच्या पाठीवर.

ऑक्टोबरात सीझन उघडला. उत्तरेकडे दोन तासांवर मावशीच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं शेत होतं. नवरा फक्त ड्राइव्ह करायला आला होता. थर्मासमध्ये चहा, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, वाचायला पुस्तक. मावशी नव्या गुडघ्यानं ताठ उभी, बंदूक हातात. मी बाईला सोडलं. ती पन्नास पावलं पळाली, थांबली, वळली, आणि गाडीच्या दाराशी येऊन बसली. पुन्हा नेली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मावशीनं कमरेवर हात ठेवले.

"सेटर असता ना!" ती म्हणाली. मग गाडीच्या काचेवर टकटक करून नवऱ्याला म्हणाली, "उतर. तुझ्याशिवाय ती यायची नाही."

तो ऑफिसच्या काळ्या बुटांत उतरला. मावशीनं त्याच्या डोक्यावर लांबून दिसावं म्हणून शिकारी घालतात तसली स्वतःची जादा नारिंगी टोपी चढवली. आणि मग बाई जी निघाली! कापलेल्या मक्याच्या खुंटांमधून ती तांबडी रेघ ओढल्यासारखी धावत होती, मध्येच वळून तो येतोय ना बघत होती. "बाय! बाय!" मावशी तिला वळवायला ओरडली, तर पलीकडच्या शेतातल्या दोन शिकाऱ्यांनी टोप्या काढून हलवल्या. मी इतकी हसत होते की चालता येईना.

ओढ्याकाठच्या गवताशी बाई थांबली. शेपूट ताठ, पुढचा डावा पाय वर, अंगाची एकेक शीर थरथरणारी. आठ महिन्यांचं पोर, पण त्या क्षणी ती लहान दिसत नव्हती. मावशी पुढे झाली. गवत फुटलं आणि फेझंटचा नर फडफडाट करत वर गेला, उन्हात तांब्यासारखा चमकला. एकच बार झाला.

बाई ओढ्यापलीकडे गेली आणि पक्षी तोंडात धरून आली. मावशीनं हात पुढे केला. बाई तिच्या बाजूनं गेली. माझ्याही बाजूनं गेली. नवऱ्यापुढे जाऊन बसली आणि मान वर केली.

तो जन्माचा शाकाहारी. अंडंही खात नव्हता.

"घे," मावशी हळू आवाजात म्हणाली. "दोन्ही हातांनी. आज तू घेतला नाहीस तर तिला वाटेल आपलं चुकलं."

त्यानं गुडघे टेकले. दोन्ही हात पुढे केले. बाईनं पक्षी त्यात ठेवला. त्याच्या मानेवरच्या हिरव्या-जांभळ्या पिसांवरून त्यानं अंगठा फिरवला.

"अजून गरम आहे गं," तो मला म्हणाला. मग पक्षी माझ्याकडे देऊन त्यानं बाईचं डोकं छातीशी धरलं. "शाब्बास बाई. शाब्बास."

आम्ही गाडीच्या बॉनेटवर डबा उघडून पुऱ्या खाल्ल्या. मावशीनं चार खाल्ल्या आणि सेटरचं नाव काढलं नाही. नवऱ्याचे बूट चिखलानं भरून गेले होते, एकाचा तळ सुटला होता. बाई त्यांवर हनुवटी टेकून पडली होती.

"पुढच्या शनिवारी?" मावशीनं विचारलं. तिनं मला विचारलं नव्हतं.

नवऱ्यानं पायांकडे पाहिलं, पाय न हलवता. "येईन," तो म्हणाला. "आधी बूट घ्यायला लागतील."