व्दा नदीच्या काठावरची बाई

मी पुण्याची, त्यात केमिस्ट्रीची एमएस्सी. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहा पिताना नवऱ्याला वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं खो खो हसायचो. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसलेय याची लाजच वाटतेय... पण कुठेतरी ओकल्याशिवाय मला चैन पडणार नाही. नावं बदलली आहेत, बाकी सगळं जसंच्या तसं.

आम्ही सिंगापुरात, हौगांगला राहतो, नवव्या मजल्यावर. नवरा जुरोंग आयलंडवर इंजिनिअर, मुलगा ओम सोळा वर्षांचा. दोन ब्लॉक सोडून माझी मैत्रीण मानसी राहते. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. तिची इरा नऊ वर्षांची. मानसीचं ऑफिस उशिरा सुटतं म्हणून इरा शाळेतून थेट माझ्याकडे येते. माझ्या हातची थालीपिठं खाऊनच वाढलीय ती पोरगी.

आता पोलंड. पोलंड हे माझं खूळ, मानसीचं नव्हे! तिला तर नकाशात तो देश दाखवता आला नसता. उत्तरेला काशुबिया म्हणून जुना खेड्यापाड्यांचा भाग आहे – तळी, पाइनची जंगलं, गवती छपरांची लाकडी घरं, पवनचक्क्या, विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी. जंगलात कुणी फार पूर्वी मांडून ठेवलेली दगडांची रिंगणं. आणि व्दा नावाची नदी, जिच्यात कयाक घेऊन दिवसभर वाहत जायचं. ओम तिला वडा नदी म्हणायचा. आठ महिने खपून मी दोन्ही कुटुंबांसाठी प्लॅन केला. सायकली कुठे मिळतात, स्ट्रॉबेऱ्या कुठल्या शेतावर स्वतः तोडून खाता येतात, सगळं. जिथे उतरणार होतो त्या फार्मवरच्या आजीबाईंशी ट्रान्सलेटर लावून ईमेल केले ते मी.

आणि जूनच्या सुट्टीच्या तोंडावर नवऱ्याच्या प्लांटचं देखभालीचं शटडाऊन ठरल्यापेक्षा अलीकडे आलं. सगळ्यांच्या रजा रद्द.

मानसी म्हणाली, "ताई, किती वाईट वाटतंय गं! पण आमची तिकिटं रिफंडेबल नाहीत ना... तू आणि ओम तरी चला की."

शेपटासारखं त्यांच्यामागे जायचं? माझ्याच ट्रिपला? मी नाही म्हटलं. मग ती बाई काय म्हणते – "बरं, तो प्लॅन तेवढा पाठवशील?" पाठवला. वर "एन्जॉय करा" लिहून दोन हसरे चेहरे टाकले.

नंतर रोज फोटो. मानसी पवनचक्कीपाशी. मानसी दगडांच्या रिंगणात डोळे मिटून, म्हणे व्हायब्रेशन्स जाणवतात! आजीबाईंनी तिला घरचा जॅम दिला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मी करायचं आणि हिने मिरवायचं! खोटं कशाला बोलू, मी जळत होते. इतकी की तिचे फोटो मोठे करून मी त्यात काही वाईट दिसतंय का ते शोधायचे.

गुरुवारी दुपारी साडेचार-पावणेपाचची वेळ. तिकडे सकाळचे पावणेअकरा. मी डायनिंग टेबलाशी मेथी निवडत होते, समोर ओम अभ्यास करत होता. व्हिडिओ आला. दोन कयाक. एकीत मानसीचा नवरा, दुसरीत मानसी आणि पुढे नारिंगी जॅकेट घातलेली इरा. मानसी ओरडतेय, "ताई, बघ गं, तुझी नदी!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "उलटायला हवी एकदा. म्हणजे कळेल."

ओम इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाला, "आई! सो मीन, लाह."

आणि माझा डावा हात गार पडला. कोपरापासून खाली, बर्फाच्या पाण्यात बुडवल्यासारखा. बोटं वळेनात. चिखलाचा, कुजलेल्या पानांचा वास आला. मेथीचा नव्हे, मला मेथीचा वास कळतो. मनगट कुणीतरी गच्च आवळलं... मिनिटभर असेल. मग सुटलं. मनगटावर नखांच्या चार खुणा होत्या, लहान लहान, एकीतून रक्त आलेलं.

"व्हॉट हॅपन्ड टू युअर हॅण्ड?" ओमने विचारलं. त्यानेही पाहिल्यात त्या. माझी नखं मी कापलेली होती आणि उजव्या हातात मेथीची जुडी होती.

सात वाजता मानसीचा व्हिडिओ कॉल आला. रडून रडून चेहरा सुजलेला. नदीत पडलेल्या झाडाला कयाक लागली आणि उलटली. मानसी वर आली, पण इरा फांद्यांखाली अडकली. तिचा बाबा पोहत पोहोचेपर्यंत पोरगी पलीकडच्या काठावर बसून खोकत होती. कशी पोहोचली, कुणालाच माहीत नाही.

"आणि म्हणते काय माहितीये? मावशीने ओढलं!" मानसी रडता रडता हसली. "बघ, संकटात पोरीला तूच आठवलीस."

मी डावा हात टेबलाखाली घेतला.

परत आल्यावर इरा नीट जेवेना. शॉवरखाली उभी राहायलाही घाबरायची. दोन-तीन दिवसांनी मानसी तिला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "आईशी फोनवर बोलले. ती म्हणते, पोरीची दृष्ट काढ, पण घरातल्या मोठ्या बाईच्या हातून. ताई, इथे मला मोठी तूच आहेस."

सांगा, काय म्हणणार? दृष्टबिष्ट मी मानत नाही, असं एरवी ठणकावून सांगितलं असतं. त्या दिवशी उठून डबे काढले. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठींत घेतल्या, इराला पाटावर बसवलं आणि तिच्यावरून ओवाळायला लागले. आल्यागेल्याची, भुताखेताची, पाप्याचांडाळाची, घरच्यादारच्याची... तिथे मी अडखळले. मानसीला वाटलं मी विसरले. तीच पुढे म्हणाली, "दृष्ट लागली असेल तर जळून जाऊ दे!"

मुठी तापल्या तव्यावर रिकाम्या केल्या. मोहरी तडतडली, मिरच्या काळ्या ठिक्कर पडल्या. पण ना खाट, ना ठसका. स्वयंपाकघरात तिघी उभ्या आणि कुणाला साधी शिंकही आली नाही. (दुसऱ्या दिवशी त्याच पाकिटातल्या दोन मिरच्या मी मुद्दाम फोडणीत टाकल्या, तर ओम बेडरूममधून खोकत बाहेर आला.)

"आई गं! केवढी लागली होती!" मानसीने कपाळाला हात लावला. "कुणाची असेल गं, ताई?"

मी तवा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, हे खाली टाकून ये. ती गेली.

इराने माझा डावा हात धरला आणि आपली चार बोटं त्या चार खुणांवर ठेवली. बरोब्बर बसली.

"मावशी, मी आईला फुल स्टोरी नाही सांगितली."

"कसली गं?"

"यू वेअर देअर फर्स्ट. झाडाजवळ, पाण्यात. तू आमची बोट धरून हलवत होतीस. सो अँग्री. मी म्हटलं, मावशी, डोन्ट लाह. मग बोट उलटली. मग तू मला बघितलंस... आणि ओढलंस." तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी लहान केला. "बट यू वेअर क्रायिंग. सो आय नेव्हर टेल."

नवरा म्हणतो, भेदरलेलं लेकरू काहीही बोलतं. खुणांचं त्याच्याकडे उत्तर नाही, मिरच्यांचं माझ्याकडे नाही. मानसीला मी अजून काही सांगितलेलं नाही. इरा पुन्हा रोज येते, थालीपीठ मागून खाते.

परवा सकाळी मानसीचा मेसेज आला. तिला प्रमोशन मिळालं, आता ते महागड्या कॉन्डोत फ्लॅट बघतायत. मी "अभिनंदन" टाइप करत होते आणि पोटात तोच जाळ उठला. अगदी तोच. मेसेज तसाच अर्धवट सोडला आणि इरा शाळेत पोहोचेपर्यंत मी तिला फोन करत राहिले – बाळा, कुठे आहेस, ठीक आहेस ना, एवढंच विचारायला.