दादाचा फोनो, माझ्या तबकड्या

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा घरातला सगळ्यांत हुशार माणूस मी होतो. निदान त्या दिवशी दुपारपर्यंत माझं तसं मत होतं. बायकोचं मत वेगळं होतं, पण ते मला संध्याकाळी कळलं, आणि तिथून पुढे रोज कळत राहिलं.

आमच्याकडे वाटणीची रीत अशी, की थोरल्याने वाटे मांडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. थोरल्याने लबाडी करू नये म्हणून ही रीत. ज्यांनी घातली त्यांनी माझा थोरला भाऊ पाहिला नव्हता.

आमच्या घरातला फोनो वडिलांनी आणलेला. जंगलात सागाची तोड घेणारा एक ठेकेदार जव्हारच्या पावसाला कंटाळून निघून गेला, आणि जाताजाता हा फोनो त्यांच्या गळ्यात मारून गेला. लाकडी पेटी, बाजूला किल्ली, वर धोतऱ्याच्या फुलासारखा पितळी कर्णा. वडिलांनी तो पुसला खूप, वाजवला कमी. तबकड्यांचं वेड मला. मी संस्थानच्या कचेरीत कारकून. कागद घेऊन नाशकाला जायची पाळी आली की इतर कारकुनांच्या पोटात दुखायचं आणि मी आदल्या दिवशीच डबा बांधून तयार असायचो. येताना बरोबर एखादी तबकडी असायची. मोखाड्याच्या चढावर बैलगाडी अशी आदळायची की माणसाची हाडं जागा बदलत, पण तबकडी माझ्या मांडीवर, भाताच्या पेंढ्यात गुंडाळलेली. "मी गाडीत असले तर मला नाही कधी असं धरलंत," हे बायकोने मला नंतर ऐकवलं. खरंच होतं. पण ती फुटणारी नव्हती.

तर वाटणीच्या दिवशी दादाने अंगणात वाटे मांडले. भांड्याला भांडं, बैलाला बैल. साखरशेतला आमची दोन शेतं. एक ओढ्याकाठचं भाताचं, दुसरं वर टेकाडावरचं वरकस, म्हणजे दगडातून नागली निघाली तर निघाली. भाताच्या शेताबरोबर त्याने फोनो ठेवला. वरकसाबरोबर माझ्या तबकड्यांची पेटी.

"उचल," दादा म्हणाला.

मी विचार केला. तबकडीवाचून फोनो म्हणजे मुकं खोकं. चार दिवसांत येईल हात पसरत. मी पेटीवर हात ठेवला.

दादा हसला नाही. जंगलखात्याच्या नाक्यावर नोकरी करून त्याला तोंड बंद ठेवायची सवय झालेली. त्याने फक्त वहिनीकडे पाहिलं आणि वहिनीने भाताचं टोपलं उचलावं तसा फोनो उचलला. त्याने वाटे मांडले नव्हते, सापळा मांडला होता, आणि त्यात काय ठेवायचं हे त्याला माझ्या लहानपणापासून माहीत होतं.

"त्या काळ्या भाकऱ्यांना तूप लावून वाढू का आज?" संध्याकाळी बायकोने विचारलं.

मग घराच्या मधोमध कारवीचा कूड उभा राहिला. कारवीच्या काठ्या, वर शेणमाती. त्याने माणूस अडतो, आवाज नाही. पलीकडे कोणी उसासा टाकला तरी अलीकडे कोणाचा ते ओळखू यायचं. दादाने माझ्याशी बोलणं सोडलं, पण मोठ्याने सोडलं. म्हणजे तो बैलाशी बोलायचा. "काय रे, वरकसावर चरायची सवय लागली काय तुला? बस मग दगड चाटत." मला बैलाला उत्तर देता यायचं नाही. मी माझ्या बैलाशी बोलून पाहिलं, पण बायकोच खिडकीतून म्हणाली, "त्याला तरी शांत राहू द्या."

दादा हात पसरत आला नाही. महिन्याभरात त्याने आपल्या तबकड्या मागवल्या. निवड त्याची. सगळ्या रडक्या, नाकात गाणाऱ्या. कर्णा त्याने बरोबर माझ्या कुडाकडे वळवला आणि सकाळ-संध्याकाळ सुरू. डोंगरातल्या पाड्यांवर नाचाला फुंकतात त्या तारप्यालासुद्धा नेम असतो, भात पिकलं की निघतो आणि हंगाम सरला की टांगून ठेवतात. दादाच्या फोनोला हंगाम नव्हता. मी दात खाऊन ऐकायचो. आणि मग माझ्या नशिबाने काय केलं, तर त्यातली एक मला आवडू लागली. एकदा दाढी करताना मी नकळत तिच्याबरोबर गुणगुणलो. पलीकडे तबकडी मध्येच थांबली. कर्णा फिरवल्याचा आवाज आला. त्या दिवसापासून ती रडकी बाई दादाच्या परसातल्या शेवग्याला गाऊ लागली.

सुयांची डबी मात्र माझ्या पेटीत राहिली होती. वाटे मांडताना हे एकच त्याच्या नजरेतून सुटलं. मी ती डबी खुळखुळवत कुडाजवळून फिरायचो. त्याने बांबूची कामटी तासून तिची सुई केली. आवाज मऊ यायचा, पण यायचा. डबी खुळखुळवणं मी सोडून दिलं.

या सगळ्यात आमची आई होती. ती राहायची माझ्याकडे, जेवायची मनात येईल तिथे. आम्हा दोघांपैकी कोणाला जास्त बोल लावावेत हे तिचं ठरत नसे, म्हणून ती दोघांना सारखे लावी. माझ्या पेटीत तिची एक तबकडी होती. माझीच, पण तिची. त्यात एक बाई गौळण गायची. आईला गौळणीशी देणंघेणं नव्हतं. गाणं संपताना ती बाई एकदम ठसक्यात, इंग्रजीत, आपलं नाव सांगायची. त्या वेळच्या तबकड्यांत तशी पद्धत असे. आई तेवढ्यासाठी सगळं गाणं बसून ऐकायची. नाव आलं की मांडीवर थाप मारायची.

"बघ! आपलं नाव आपण सांगते. माझं नाव माहेरचं एक, इथलं एक, आणि दोन्ही कधी माझ्या तोंडातून नाय निघालीत."

वाटणीनंतर ते नाव बंद झालं.  मग आई एका गुरुवारी अंगणात, दोन्ही ओट्यांच्या मधे उभी राहून म्हणाली, "शेत वाटलंत, बैल वाटलेत. माझे कान कोणाच्या वाट्याला गेले ते सांगा."

आम्ही दोघं आपापल्या ओटीवर खांब धरून उभे.

"माझी तबकडी मी त्याच्या घरात पाठवणार नाही," मी म्हणालो.

"माझा फोनो उंबऱ्याबाहेर जाणार नाय," दादा बैलाला म्हणाला.

"तुम्ही दोघं बसा बोंबलत," आई म्हणाली. तिने माझ्या पेटीतून तबकडी काढली, पदराखाली धरली आणि पलीकडे गेली. मी अडवलं नाही. आईला अडवणारा माणूस आमच्या घरात अजून जन्मायचा आहे. थोड्या वेळाने गौळण सुरू झाली. परसाकडे तोंड करून, अर्थात. मी कुडाला कान लावून उभा होतो, तेव्हा बायको पाण्याची कळशी घेऊन माझ्यामागून उगाचच दोनदा गेली. 

दर गुरुवारी तबकडी पदराखालून जायची आणि पदराखालून यायची. मग आषाढ लागला. पहिल्याच जोराच्या सरीत अंगणाचा ओढा झाला, आई पलीकडे अडकली, आणि आली ती मोकळ्या हातांनी. तबकडी दादाकडे राहिली.

आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, त्यात सगळ्यालाच बुरशी येते. चपलांना येते, धोतराला येते, तसबिरीतल्या देवाला पांढरी दाढी फुटते. म्हणून पावसाळ्यात जपायची प्रत्येक गोष्ट जाते चुलीवरच्या बांबूच्या माळ्यावर. बियाणं तिथे, सुकी मासळी तिथे, पापड तिथे, कचेरीचे कागदसुद्धा. खाली धूर, वर कोरडं. हे आम्हाला कोणी शिकवत नाही. मी पेटी उघडली, तबकड्या एकेक काढल्या, माळ्यावर पापडासारख्या पसरल्या आणि सरकू नयेत म्हणून वर नागलीच्या कणसांच्या जुड्या ठेवल्या. खाली उतरून मी हात झटकले. आता राहिली होती ती एकच, शत्रूच्या हातातली. तिच्यासाठी मी वाटणीनंतर पहिल्यांदा बैलाला वगळून बोललो.

"दादा, आईची तबकडी चुलीवर ठेव."

"माझ्या चुलीवर माझ्या तबकड्या आहेत. तुझ्या मालाला जागा नाय."

"अरे, बुरशी येईल!"

"येऊ दे. ओटीच्या कोनाड्यात टाकलेय. वरकसासारखी. उगवेल त्यावर काय उगवायचं ते."

"आई, सांग त्याला!"

"चुलीवर ठेव रे मेल्या," आई कुडाला म्हणाली. "माझी एवढी एक तं वस्तू हाय."

"नाय म्हणजे नाय."

ओटीचा तो कोनाडा मला माहीत होता. पागोळ्यांचे शिंतोडे तिथे येतात, लहानपणी आम्ही त्यात बेडूक ठेवायचो. तो सगळा पावसाळा मी दादाला मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही, पोरं वाचतील. आई तर त्याच्याकडे जेवायलाच गेली नाही. दादा ओटीवर येऊन खाकरायचा, आईने पाहावं म्हणून. ती धाकट्या सुनेची भाकरी काय सुरेख, असं त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची. बायकोचा तेवढा पावसाळा चांगला गेला.

भाद्रपदात ऊन पडलं तेव्हा मी शिडी लावून माळ्यावर चढलो. नागलीच्या जुड्या बाजूला केल्या.

तबकड्या होत्या. फक्त त्या आता तबकड्या नव्हत्या. चुलीच्या आचेने मऊ होऊन, कणसांच्या वजनाने बांबूंच्या फटींतून खाली वाकल्या होत्या. कोणी द्रोण झालेली, कोणी पन्हळ. एकीत मी हात घातला तर तळहात नीट बसला. मी एक घेऊन खाली आलो आणि चुलीपाशी बसलो.

बायकोने ती हातात घेऊन उलटसुलट केली. "कशाची असते ही?"

"लाखेची."

"लाखेची," ती म्हणाली. "बांगड्या चुलीवर वाळत घालतं का कोणी?"

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मला विचारलंत? वरकस घेताना विचारलंत?"

माझा आवाज बहुतेक चढला असणार, कारण कुडापलीकडे दादा हसायला लागला. वाटणीच्या दिवसापासून दाबून ठेवलेलं हसणं होतं ते, पोट धरून, बैलालाही ऐकवून. ते बराच वेळ चाललं. मग मध्येच थांबलं. पलीकडे शिडी ओढल्याचा आवाज आला. तिच्या पायऱ्या करकरल्या.  मग वहिनीचा आवाज, "अगं बाई, ह्यात तं आता कोंबडीला पाणी ठेवता येईल."

खोटं कशाला बोलू, माझ्या सगळ्या तबकड्या गेल्या होत्या आणि तरी मला बरं वाटलं.

"माझी कुठं हाय?" आई म्हणाली, आणि कोणी हलायच्या आत अंगण ओलांडून गेली. मीही गेलो. वाटणीनंतर त्या ओटीवर माझा पहिला पाय. कोनाड्यात तबकडी उभी होती, भिंतीला टेकून, दोन्ही बाजूंनी पांढऱ्या बुरशीने माखलेली. आईने ती पदराने पुसली. पुन्हा पुसली. खालून काळीभोर निघाली, आणि सपाट. दादा शिडीवरून उतरून आला. त्याच्या हातात त्या रडक्या बाईची तबकडी होती, दोन्हीकडून मुडपलेली.

"मी वाचवली," दादा म्हणाला.

"जागा दिली नाहीस म्हणून वाचली!"

"आणि तुझं ऐकून दिली असती तं?"



"माझी तबकडी दे," मी म्हणालो.

"ने. वाजव चुलीवर ठेवून."

"फोनोची सुई माझ्याकडे आहे, विसरू नकोस."

"बांबू काय तुझ्या एकट्याच्या वाट्याला आलाय?"

आई आमचं भांडण संपायची वाट पाहत उभी राहिली नाही. तिने पडवीतला कोयता घेतला आणि दादाच्या बाजूने कुडावर घाव घातला. शेणमातीचे पोपडे उडाले, कारवीच्या काठ्या मोडल्या. पलीकडून माझी बायको ओरडली. आईने सुपाएवढं भोक पाडलं, कोयता टाकला, फोनो भोकाशी ओढला आणि कर्ण्याचं तोंड माझ्या घरात सारलं.

"आता लावा," ती म्हणाली.

दादाने किल्ली दिली. मी खिशातून डबी काढली, सुई त्याच्याकडे न पाहता पुढे केली आणि त्याने ती माझ्याकडे न पाहता घेतली. बुरशीने गौळणीचं जे व्हायचं ते झालं होतं. कढईत मोहरी तडतडावी तसं गाणं. राधा काय तक्रार करते आहे ते कळेना. पण शेवटी सगळी तडतड थांबली आणि त्या बाईने आपलं नाव सांगितलं, घराच्या दोन्ही भागांत ऐकू जाईल असं. आईने मांडीवर थाप मारली.

ते भोक आम्ही बुजवलं नाही, म्हणजे आईने बुजवू दिलं नाही. तबकडी त्याच्याकडे, डबी माझ्याकडे. दादा अजून बैलाशीच बोलतो, बैल तेवढा दुसरा आला. दर गुरुवारी पितळी कर्णा भोकातून माझ्या घरात डोकावतो, गौळण होते, नाव होतं, कर्णा मागे जातो. मग भोकात पेंढा कोंबला जातो. आधी त्याच्या बाजूने. मग माझ्या.