बाहुलीच्या गळ्यातले काळे मणी

पोरगी कॉम्प्युटर शिकली की तिचं भलं होतं, असं नवं शतक लागल्यावर अख्ख्या अहेरीनं ठरवून टाकलं होतं. मी कॉलेज सुटलं की सायबर कॅफेत बसून स्वतःचं भलं करून घ्यायची. म्हणजे परदेशातल्या एका साइटवरून बोटभर उंचीची बाहुली उतरवून घ्यायची आणि तिला कपडे-दागिने चढवायची. कॉम्प्युटरवरच्या पेंटमध्ये ती इतकी मोठी करायची की तिचे चौकोनी ठिपके सुटे दिसत, मग एकेक ठिपका रंगवायचा. पिवळ्याला खेटून गडद पिवळा ठेवला की सोनं चमकतं, एवढी विद्या मला आली होती. मध्येच लाईट गेली की बाहुली पुन्हा उघडीवाघडी.

एका बाजाराच्या दिवशी माय वांग्यांची पिशवी घेऊन मला शोधत कॅफेत आली. आता चारचौघांत माझा उद्धार होणार, हे नक्की होतं. पण तिची नजर स्क्रीनवर अडकली.

"हे कोन व्हय?"

"बाहुली."

"इचे हात काऊन बुच्चे हायेत, एक बांगडी नाई? नवरा मेला का इचा?"

"माय, इचं लग्नच नाई झालं अजून."

"एवढी घोडी झाली, अन् लग्न नाई?"

पिशवी खाली ठेवून मायनं खुर्ची ओढली आणि तिथल्या तिथे बाहुलीचं लग्न लावलं. कॉम्प्युटरवर वेळ वाया घालवते म्हणून सकाळीच मला शिव्या घालणारी हीच बाई. आता पाटल्यांच्या मध्ये हिरव्या बांगड्या काऊन नाईत, तोडे एवढे बारीक काऊन, एकदाणी बेंबीपर्यंत काऊन लोंबवली, असं मलाच विचारत होती. आमच्या सगळ्या गल्लीत मिळून नसेल एवढं सोनं त्या बोटभर बाईच्या अंगावर चढलं. शेवटी गळ्यात काळे मणी काढले आणि चित्र साइटवर टाकलं.

पुढच्या बाजारी मायसमोरच चित्राला आलेलं उत्तर उघडलं. साइटवरच्या एका जुन्या जाणत्या मुलीनं लिहिलं होतं, दागिने सुंदर आहेत, पण मानेवर काळे ठिपके सांडलेत, तेवढे पूस.

"सांडले?" माय म्हणाली. "तिले सांग, नवऱ्याचे मनी हायेत ते."

माझं इंग्रजी मार्कांपुरतं होतं, कोणाला काही सांगायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. मी लिहिलं, हे काळे मणी तिच्या नवऱ्यामुळे आहेत. ती मुलगी नेमकी ऑनलाइन होती. लगेच उत्तर आलं: नवऱ्याबद्दल ऐकून फार वाईट वाटलं.

मी मायला अर्थ सांगितला आणि पस्तावली.

"जिता हाये म्हन!" माय ओरडली. गेम खेळणारी पोरं वळून बघायला लागली. "जिता हाये म्हनूनच घातले मनी!"

नवरा जिवंत असून त्याची तब्येतही ठणठणीत आहे, असं मी कळवलं.

त्यानंतरच्या बाजारी माय माझ्या आधी कॅफेत हजर. त्या मुलीनं स्वतःची एक बाहुली काढून पाठवली होती. अंगावर पोहायचे कपडे, तेही जेमतेम, आणि गळ्यात काळे मणी. खाली लिहिलं होतं, तुझ्या बाहुलीच्या नवऱ्याला दीर्घायुष्य लाभो.

मायनं स्क्रीनला नाक लावून एकेक मणी तपासला.

"मनी बराबर काढले पोरीनं," ती म्हणाली. "आता तिले म्हन, आंगभर कपडे घाल."

एवढं इंग्रजी मला येत होतं. मी 'थँक यू' लिहिलं आणि मायला सांगितलं, कळवलं.