अण्णासाहेबांची तितरं

आमच्या बागमंडळींचे किस्से काढले की एकामागे दुसरा लागूनच येतो. हसायला म्हणून सुरू करतो, आणि मध्येच कुणीतरी म्हणतं, "बस कर यार." तरी सांगतो.

आमच्या तुकोगंज मोहल्ल्याच्या मागे संस्थानाच्या वेळची एक बाग होती. संस्थान गेलं, माळी गेले. मध्य प्रदेश नवा झाला तेव्हा बागेचे कागद भोपाळला गेले ते गेलेच. मागे राहिली घाणेरीची झुडपं, फुटके बाक आणि लोकांनी टाकलेला कचरा.

तिचं काहीतरी करायचं हे खूळ अण्णासाहेब शितोळ्यांचं. त्यांची हयात संस्थानच्या शिकारखात्यात गेली. राजेलोक बंदुका घेऊन बसायचे, आणि अण्णासाहेब माणसं लावून झाडीतली पाखरं उठवायचे.

"जन्मभर उठवली," ते म्हणाले. "आता मरायच्या आधी तितरांची एक जोडी इथे सुखाने बसलेली बघायची आहे."

फुलझाडं नकोत. गवत वाढू द्या, पाणी ठेवा, पाखरं आपली आपण येतील. आम्ही चौघंपाच हो म्हणालो. मतलब, नाही म्हणायची सोय नव्हती.

*

गवत कमरेएवढं झालं तशी मोहल्ल्यात बोंब सुरू झाली. शाळेत शिकवणाऱ्या सुमनताईंना लोकांनी बोलायला पाठवलं.

"अण्णासाहेब, अशाने साप येतील हो."

"आलाय. पाण्याच्या टाक्यामागे राहतो. त्याला त्रास देऊ नका."

पोरं खेळायला यायची बंद झाली. बाग आम्हा रिटायर्ड लोकांची आणि त्या सापाची उरली. सुमनताई मात्र येत राहिल्या, हातात काठी घेऊन.

*

पुढच्या उन्हाळ्यात तितरं खरंच आली. गवतातून दोन माना वर निघाल्या, आणि अण्णासाहेबांचा हात झटकन वर गेला. हाकारे घालणाऱ्यांना इशारा द्यायचा तो हात. दुसऱ्या हाताने त्यांनी तो धरून खाली आणला, आणि बाकावर बसून रडले.

आमचे धान्यवाले रघुवीर भिया हळूच म्हणाले, "रेन दो, राहू द्या. पुरानी आदत है."

*

मग पाखरांची बाग म्हणून नाव ऐकून भोपाळहून एक बडे साहेब यायचे ठरले. साहेब म्हटल्यावर अण्णासाहेब जुन्या नोकरीतच गेले. पेटीतला कोट काढला.

"गवत कापा. दगडांना चुना मारा. दारात रांगोळी हवी."

आम्हीही संस्थानी घरांतले. साहेबाचं स्वागत आमच्या अंगातच मुरलेलं. थांबावं असं एकालाही वाटलं नाही. गवताचा ढीग लागला, तेव्हा सुमनताईंना खाली फुटलेली अंडी दिसली.

साहेब आले, हार घालून घेतला, चारी बाजूंना बघितलं.

"सफाई बढ़िया है. मगर पक्षी कहाँ हैं?"

अण्णासाहेब कोटाची बटणं काढत उभे होते.

*

त्यानंतर ते रोज बाकावर येऊन बसत, पण बोलणं जवळजवळ थांबलं. मोतीबिंदू वाढून आता दिसेनासं झालं होतं, म्हणून कापलेल्या गवताकडे कान करून बसायचे. आम्हाला ते बघवत नव्हतं.

रघुवीर भिया मूळचे हातोदकडचे, शेतात वाढलेले. तोंडाने हुबेहूब तितराचा आवाज काढायचे. दुकान उघडलं की ते नोकरावर सोपवून यायचे, बागेच्या भिंतीमागे बसायचे आणि आवाज काढायचे. अण्णासाहेबांची मान वर व्हायची. चेहरा जरा निवळायचा. त्या वेळी आम्ही कुणी एकमेकांकडे बघत नसू.

एक दिवस अण्णासाहेबांनी मला जवळ बोलावलं.

"भियांना सांगा, ऊन चढल्यावर तितर बोलत नाही. उद्यापासून जरा लवकर या म्हणावं."

दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडताच गेलो. भिया दुकान न उघडता आले होते. बाक रिकामा होता. थोड्या वेळाने सुमनताई अण्णासाहेबांच्या घरून निरोप घेऊन आल्या, रात्री झोपेतच गेले म्हणून.

भियांनी तो ऐकून घेतला. टोपी काढून बाकावर ठेवली. मग भिंतीमागे जाऊन बसले, आणि तितर बोलायला लागलं.